टाकीचा जमाखर्च : खाऱ्या पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट



आपल्या प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची १०० लिटरची टाकी आहे. तीत तीन लहान मासे आहेत. 'पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते, मग काचेवर शेवाळ का धरते?' असे तुम्ही आम्हांला विचारता. विश्वस्त मंडळाचा प्रश्न वेगळा आहे. टाकी पुढच्या वर्षीही ठेवायची, तर तिच्यावर आणखी यंत्रे आणि औषधे घ्यावी लागतील का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर जमाखर्च मांडला की मिळते. म्हणून आज आपण टाकीची वही उघडू.

आवक कोठून होते?

टाकीत बाहेरून जाणारी मुख्य वस्तू म्हणजे माशांचे खाद्य. खाद्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. मासा खातो, त्यातले थोडे अंगी लागते. उरलेले विष्ठेवाटे आणि कल्ल्यांवाटे पाण्यात येते. न खाल्लेला कण तळाशी कुजतो. यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतो.

येथे सूक्ष्म जीवाणू मदतीला येतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मात्र मासे बरेच सहन करतात. पण ते साचत जाते आणि शेवाळाला खत मिळते. फॉस्फेटचेही तसेच. मासे त्याने लगेच मरत नाहीत, पण शेवाळ माजते, आणि माजलेले शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू वापरते.

आता आकडे पाहू. कोरड्या खाद्यात ४५ टक्के प्रथिने आणि १ टक्का फॉस्फरस धरला, तर १ ग्रॅम खाद्यातून जास्तीत जास्त सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ३० मिलिग्रॅम फॉस्फेट तयार होऊ शकते. १०० लिटर पाण्यात याचा अर्थ लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.३ मिलिग्रॅम फॉस्फेट. चिमूटभर खाद्याचा हा हिशेब आहे!

समुद्रात काय होते?

प्रवाळाच्या परिसरातील स्वच्छ समुद्रात लिटरमागे नायट्रेट १ मिलिग्रॅमपेक्षा पुष्कळ कमी आणि फॉस्फेट काही शतांश मिलिग्रॅम एवढेच असते. तेथे पाणी अफाट आणि मासे त्या मानाने थोडे. शिवाय जेथे प्राणवायू फार कमी असतो, तेथे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू मोकळा करतात. या क्रियेची जगातील जी तीन मोठी समुद्रक्षेत्रे आहेत, त्यांपैकी एक आपल्या समोरचा अरबी समुद्र आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) या विषयाचा दीर्घ अभ्यास केला आहे. टाकीतही सच्छिद्र दगडाच्या आत आणि खोल वाळूत हीच क्रिया थोड्या प्रमाणात चालते.

मात्र फॉस्फेटचा असा वायू होऊन तो उडून जात नाही. जेवढे आत आले, तेवढे आपणच बाहेर काढायला हवे. काही फॉस्फेट चुनखडीच्या दगडावर चिकटून बसते आणि पाण्यातले प्रमाण घटले की पुन्हा सुटते. म्हणून आज कमी आलेला आकडा आठवड्याने वाढलेला दिसला, तर चकित होऊ नये.

पाणी बदलण्याचे गणित

समजा, दर आठवड्याला टाकीत लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते आणि आपण दर आठवड्याला २५ लिटर पाणी बदलतो. बदलाच्या वेळी चौथा भाग नायट्रेट निघून जाते. नायट्रेट ४० असेल, तर बदलल्यावर ३० होईल आणि आठवड्याने ३५. पुढच्या वेळी २६.२५ आणि मग ३१.२५. असे उतरत उतरत ते २० वर येऊन थांबेल, कारण २० चा चौथा भाग ५, म्हणजे जेवढी भर तेवढीच वजाबाकी. वर्षभर पाणी बदलत राहिलो, तरी बदलापूर्वीचा आकडा २० च्या खाली जाणार नाही. फक्त १० लिटर बदलले, तर तो ५० वर थांबेल.

आता दोन मार्ग पाहा. पाणी दुप्पट, म्हणजे ५० लिटर बदलले, तर आकडा १० वर येतो. किंवा पाणी २५ लिटरच ठेवून खाद्य निम्मे केले, तरीही १० वरच येतो. ५० लिटर पाण्याला, लिटरमागे ३५ ग्रॅम धरून, दर आठवड्याला पावणेदोन किलो सागरी मीठ लागते. खाद्य कमी करायला काहीच लागत नाही. औषध विकत घेण्यापूर्वी विश्वस्तांनी आणि पालकांनी हे गणित जरूर पाहावे.

नवे पाणीही तपासलेले हवे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, असे भारतीय मानक आहे. माणसाला चालणारे असे पाणी टाकीत ओतले, तर नायट्रेट कमी होण्याऐवजी वाढेल. म्हणून आरओचे पाणी घेऊन त्यात मीठ मिसळावे. पावसाळ्यात किनाऱ्यावरून पाणी आणणे योग्य नाही. मांडवी-जुवारीच्या पुराने त्याचा खारटपणा घटतो आणि गाळही येतो.

जावक वाढवण्याचे उपाय

१. तळाचा कचरा आणि उरलेले खाद्य नळीने ओढून काढावे. कुजण्यापूर्वी काढलेला कण हिशेबात येतच नाही.
२. गाळणीचा स्पंज टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने उपयोगी जीवाणू मरतात.
३. प्रोटीन स्किमर हे यंत्र बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय मळ वर आणते. कपातला फेस वेळेवर टाकावा.
४. वेगळ्या कप्प्यात, दिव्याखाली समुद्री शैवाल वाढवावे आणि दर पंधरवड्याला कापून बाहेर काढावे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही त्याच्याबरोबर जातात.
५. एवढे करूनही फॉस्फेट चढेच राहिले, तर लोहाच्या ऑक्साइडचे दाणे थोडे थोडे वापरावेत.

आकडे एकदम शून्यावर आणू नयेत. जलद बदल प्राण्यांना मानवत नाही. केवळ मासे असलेल्या टाकीत नायट्रेट २० च्या आसपास किंवा खाली राहिले, तर समाधान मानावे. आपल्या टाकीत प्रवाळ नाही आणि असणारही नाही. तो वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

माया मोजून करावी

येणारा-जाणारा प्रत्येक विद्यार्थी प्रेमाने चिमूटभर खाद्य टाकतो. मासा काचेजवळ आला की तो भुकेला आहे असे वाटते. पण माणूस दिसला की तो सवयीनेही येतो. म्हणून आम्ही असे ठरवले आहे : दर सोमवारी प्रयोगशाळेच्या तराजूवर २ ग्रॅम खाद्य तोलायचे आणि त्याच्या सात पुड्या करायच्या. दिवसाला एक पुडी, त्याहून अधिक एक कणही नाही. चवथीच्या सुटीत पाळीच्या विद्यार्थ्याला मोजक्या पुड्याच मिळतील. निरोगी, मोठे मासे एखाददुसरा दिवस उपाशी राहिले तर बिघडत नाही. 'सुटी आहे म्हणून जास्त' टाकलेल्या मुठीने मात्र टाकी बसू शकते.

तीन महिने नोंदी ठेवून आम्ही त्या विश्वस्त मंडळापुढे मांडू. तोवर चौथा मासा घ्यायचा नाही. जमाखर्च जुळला नाही, तर मासे जाणकार मत्स्यपालकाकडे सोपवू. ते समुद्रात मात्र सोडायचे नाहीत, कारण टाकीतील रोग आणि परके जीव तेथे पोचू शकतात.

स्वाध्याय

१. आठवड्याची भर ४ मिलिग्रॅम आणि पाणीबदल २० लिटर असेल, तर नायट्रेट कोठे थांबेल?
२. एका संचावर आकडा 'नायट्रेट-नायट्रोजन' ५ असा आला. त्याला ४.४ ने गुणून नायट्रेट काढा.
३. नायट्रेटला टाकीबाहेर जाण्याची एक वाट आहे, ती फॉस्फेटला नाही. ती कोणती, ते घरी आईवडिलांना समजावून सांगा.