घडीच्या चाकूची बांबूची मूठ

घडीच्या चाकूचे पाते खिळीभोवती फिरून मुठीतील खाचेत बसते. उघडलेल्या पात्यास पाठीची पोलादी कमान दाबून धरते. कापताना पडणारा ताण खिळीवरून मुठीवर येतो. मूठ उकलली, तर पकड ढिली होऊन पाते बोटांवर मिटण्याचे भय असते.

बांबू ही गवताची जात. त्याचे बळकट तंतू लांबीच्या दिशेने असून सालीकडे अधिक दाट असतात; परंतु तंतूंमधील बंध दुर्बळ असतो. यास्तव नक्षी उथळ कोरावी. खोल कोरल्यास बळकट थरच नाहीसा होतो. खिळीचे भोक ठोकून न पाडता सामत्याने पाडावे व आतून पितळी पट्टीचा आधार द्यावा. बांबूतील पिष्टावर भुंगेरे पोसतात. म्हणून तो पाण्यात मुरवून, सावलीत पूर्ण वाळल्यावरच त्यास हत्यार लावावे.