एकच भाषा, अनेक संगणक

समजा, तुम्ही शाळेच्या निकालपत्रकासाठी एक प्रोग्राम लिहिला. कार्यालयातील संगणकावर विंडोज आहे, प्रयोगशाळेतील संगणकावर लिनक्स. कार्यालयात प्रोग्राम छान चालतो. प्रयोगशाळेत मात्र तो सुरूच होत नाही. असे का होते?

संगणकाच्या प्रोसेसरला ठरावीक यांत्रिक आज्ञाच कळतात. सी या भाषेत लिहिलेला प्रोग्राम कम्पायलर अशा आज्ञांमध्ये बदलतो. पण विंडोजसाठी तयार केलेली फाइल लिनक्सवर तशीच चालत नाही. मग प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी प्रत करावी लागते. बऱ्याचदा मूळ प्रोग्रामातही फेरफार करावे लागतात. धोका इथेच आहे. एका प्रतीतील बेरजेची चूक सुधारली आणि दुसरीतील तशीच राहिली, तर एकच मुलगी कार्यालयात पास आणि प्रयोगशाळेत नापास!

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी १९९१ साली घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर काम करू लागले. उपकरणे अनेक आणि त्यांचे प्रोसेसर निरनिराळे! म्हणून त्यांनी नवी भाषाच तयार केली. कार्यालयाबाहेरच्या ओक वृक्षावरून तिला प्रथम 'ओक' म्हणत. १९९५ साली ती 'जावा' या नावाने जगापुढे आली.

जावाची युक्ती समजून घ्या. तुम्ही उर्दूत एक पत्र लिहून चेन्नई, कोलकाता आणि कोची येथे पाठवले. प्रत्येक गावी उर्दू जाणणारा दुभाषी असेल, तर पत्र तीनदा लिहावे लागत नाही. जावाचा प्रोग्राम 'बाइटकोड' नावाच्या मधल्या रूपात बदलतो. प्रत्येक संगणकावर जावाचे एक 'आभासी यंत्र' बसवतात. हाच तो दुभाषी! तो बाइटकोड वाचून तेथील प्रोसेसरकडून काम करून घेतो. शिवाय जावाने सुरुवातीपासून युनिकोड स्वीकारला. त्यामुळे मुलांची नावे उर्दू व मराठी अशा दोन्ही लिपींत साठवता येतात.

पण दुभाषीच नसेल तर? 'माइनक्राफ्ट' हा खेळ २००९ साली प्रथम आला, तो जावात लिहिलेला होता. आयफोनवर मात्र जावाचे आभासी यंत्र नसते. फोनांसाठीची आवृत्ती पुढे सी प्लस प्लस या भाषेत नव्याने लिहिली गेली.

म्हणून भाषा निवडण्याआधी विचारा, प्रोग्राम कोठे कोठे चालायचा आहे? तुमच्या निकालपत्रकाला विंडोज आणि लिनक्स पुरेसे असतील, तर जावा उत्तम. पालकांना तो कोणत्याही फोनवर पाहायचा असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट बरी. नावे सारखी असली, तरी या दोन भाषा अगदी वेगळ्या आहेत बरे का!