मढ्यावर वाढणारी लेकरं

प्रश्न : पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाताना जंगलात मेलेला उंदीर दिसला. काडीनं उलटवला तर खाली काळे भुंगेरे होते. काही भुंगेरे मढं जमिनीत पुरून त्यावर पिल्लं वाढवतात, असं वाचलं होतं. हे तेच का?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : तेच नसावेत. मढं पुरणारे भुंगेरे निक्रोफोरस या गटातले. त्यांना थंड हवा लागते; भारतात ते हिमालयाच्या बाजूला आढळतात. सातपुड्याच्या उतारावर मेलेल्या उंदराखाली बहुधा वेगळीच मंडळी जमते. कुणी माश्यांच्या अळ्या खायला आलेले, कुणी वाळलं कातडं कुरतडणारे, आणि काही चक्क शेणकिडे. शेणकिड्यांच्या काही जातींना मांसही चालतं.

तरी निक्रोफोरसची हकीकत ऐकाच. वासाच्या मागावर नर-मादी मढ्यापाशी येतात, इतरांशी झुंजतात, आणि जिंकलेली जोडी खालची माती उकरत राहते. मढं हळूहळू जमिनीत उतरतं. मग दोघं त्याचे केस किंवा पिसं काढतात, त्याचा गोळा वळतात आणि स्वतःच्या अंगातला स्राव त्याला फासतात. त्यानं जंतू आणि बुरशी आटोक्यात राहतात. मादी अंडी घालते ती शेजारच्या मातीत. दोन-तीन दिवसांत अळ्या निघून गोळ्याकडे सरपटत येतात. आईबाप जवळ आले की त्या मान वर करून त्यांच्या तोंडाला स्पर्श करतात, आणि आईबाप अर्धवट पचलेलं मांस त्यांना भरवतात. किड्यांच्या जगात आई आणि बाप दोघांनी मिळून लेकरांना भरवणं फार दुर्मीळ. एर्ना पुकोव्स्की या जर्मन संशोधक बाईंनी 1933 साली हे सगळं बारकाईनं नोंदवलं.

यात एक कठोर भागही आहे. गोळा लहान आणि अळ्या जास्त झाल्या, तर आईबाप त्यातल्या काही खाऊन टाकतात. वाचायला जड जातं, पण उरलेल्यांना पोटभर मिळतं ते त्यामुळेच.

एवढा खटाटोप कशासाठी? मेलेला उंदीर म्हणजे सकस अन्न, पण थोडं, नाशिवंत आणि सगळ्यांना हवं असलेलं. उन्हाळी हवेत माश्या झपाट्यानं अंडी घालतात, मुंग्याही पोचतात. तैवानच्या डोंगरांत निक्रोफोरस नेपालेन्सिस या जातीवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की खालच्या उबदार भागात माश्यांशी स्पर्धा तीव्र असते आणि तिथे हे भुंगेरे एकमेकांशी भांडण्याऐवजी मिळून काम करतात. वऱ्हाडच्या उन्हात त्यांचा टिकाव लागणं किती अवघड, याचा अंदाज यावरून बांधता येईल.

पण लेकरांसाठी जमिनीत घर करणारे किडे बघायला हिमालय गाठायची गरज नाही. शेणालाही तेच लागू आहे: थोड्या वेळात सुकतं आणि मागणारे पुष्कळ. कोप्रिस गटातली मादी शेणाखाली भुयार खणते, आत शेणाचे गोळे करते, प्रत्येकात एक अंडं घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिथंच राहून गोळ्यांवरची बुरशी साफ करते. फ्रेंच निसर्गलेखक फाब्र यांनी या आईचं फार आस्थेनं वर्णन केलं आहे. हेलिओकोप्रिस हे आपल्या देशातले सर्वांत दांडगे शेणकिडे. त्यांचे मातीनं लिंपलेले गोळे भारतात जमिनीत खोल सापडले तेव्हा लोकांना ते तोफेचे जुने दगडी गोळे वाटले होते, असं कीटकशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत आहे.

शेण जमिनीत जिरवणारे हे किडे शेतकऱ्याचं फुकट काम करतात. जनावरांना जंतासाठी दिलेल्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. म्हणून औषध गरजेपुरतं, पशुवैद्यकाला विचारूनच द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिले पाऊस झाले की गाई-म्हशी चरतात त्या पडीक जमिनीत, एक-दोन दिवसांचा पोवटा काडीनं अलगद उचला. खाली बोटाएवढं छिद्र आणि भोवती ताजी उकरलेली माती दिसली तर खणू नका. भुयार मोडलं की आतली आई आणि गोळे दोन्ही जातात. पोवटा होता तसा ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी किती शेण खाली गेलं ते बघा.