हाताचे शिक्षण आणि पुस्तकाचे शिक्षण

दहावीचा निकाल लागला म्हणजे खेड्यांतील घरोघरी एकच प्रश्न निघतो : मुलाने पुढे काय शिकावे ? गुण उत्तम असले तर विज्ञान, बरे असले तर वाणिज्य अथवा कला, आणि कोठेच निभाव लागेना तर एखादा धंदा, असा क्रम आपण मनाशी ठरवून टाकिलेला असतो. हा क्रम योग्य आहे काय, ह्याचा विचार ह्या पाठात करावयाचे योजिले आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतो. एका मुलाचे गणितात मन लागत नाही, असे पाहून, “ह्याला वेल्डिंगच्या वर्गास घाला,” असे आम्ही त्याच्या आईस सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, “पाळकसाहेब, तुमच्या घरच्या मुलाला हेच सांगितलं असतं का ?” आम्हांस उत्तर देता आले नाही. वेल्डिंग वाईट म्हणून नव्हे, तर आम्ही ते शिक्षण म्हणून सुचविले नव्हते, शिक्षेसारखे सुचविले होते.

ही विभागणी आजची नव्हे. १८८२ साली नेमलेल्या हंटर कमिशनने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्या असे सुचविले : एक विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यवहारधंद्यास उपयोगी. त्याच कमिशनपुढे जोतीराव फुले ह्यांनी निवेदन देऊन, शेतकऱ्यांच्या मुलांस शेतीचेही ज्ञान शाळेत मिळावे, अशी मागणी केली. परंतु दुसरी शाखा रोडावलीच. नोकरी व लौकिक पहिल्या शाखेकडे होते. मग कोणता बाप आपल्या मुलास दुसरीकडे पाठवील? शिवाय ज्या देशात धंदा जन्मावरून ठरत आला, तेथे कष्टकऱ्याच्याच मुलास धंद्याच्या वर्गाकडे लोटिले, तर शाळेने जुनीच उतरंड पुढे चालविली असे होईल.

मग उपाय कोणता ? पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे कमी पावसाचे गाव आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय तयार केला. आठवड्यातून एक दिवस मुलांनी हाताने काम करावयाचे. कामाचे भाग चार : यंत्र व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुलगे व मुली चारही भाग शिकतात, आणि इतर दिवशी भाषा, गणित, विज्ञान हे विषय चालूच राहतात.

ह्यातील लाभ एका उदाहरणाने ध्यानात येईल. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने एका बाजूस तीन फूट व दुसरीस चार फूट मोजतो. तिरपे अंतर पाच फूट भरले म्हणजे कोपरा काटकोनात आला असे तो समजतो. पुस्तकात पायथागोरसचा सिद्धान्त म्हणतात तो हाच. तसेच मातीचा सामू तपासताना रसायन कळते, आणि चिक्की करून विकताना नफ्यातोट्याचे गणित कळते. हात पुस्तकास अर्थ देतो, आणि पुस्तक हातास कारण सांगते.

कित्येक आईबाप म्हणतील, “आम्ही जन्मभर माती उपसली, शाळेतही पोरांनी तेच करावे काय?” ही शंका खोटी नव्हे. शाळेने मुलांकडून अंगण झाडून घ्यावे आणि त्यास कार्यानुभव म्हणावे, हे शिक्षण नव्हे. ज्या कामात माप, हिशेब व कारण शिकविले जाते, तेच शिक्षण होय. आणि ते वर्गातील सर्व मुलांस मिळाले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावे, असे सर्वच मुलांसाठी सांगितले आहे.

धंद्याच्या अभ्यासाने पुढची वाट बंद होते, हा समजही सोडावा. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा योग्य अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे.

तरी पालकांनी शाळेत जाऊन हे प्रश्न अवश्य विचारावे :

१. हाताचे काम सर्व मुलांस शिकविता, की केवळ मागे पडलेल्यांस ?

२. मुलींस कार्यशाळेत व मुलग्यांस स्वयंपाकाच्या कामात घेता काय ?

३. हा अभ्यास केल्यावर पुढे कोणकोणत्या वाटा मोकळ्या राहतात ?

आणि चौथा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा, जो त्या माउलीने आम्हांस विचारिला : माझ्या घरच्या मुलास मी हेच सांगितले असते काय ?