खेळता खेळता येणारा धीर

प्रश्न : आमचं लॅब्रेडॉरचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला घराबाहेर काढलं नव्हतं. आता दुसरा कुत्रा दिसला की ते आमच्या पायांमागे लपतं. त्याला इतर कुत्र्यांबरोबर खेळू द्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर द्या, पण सोबती निवडून. ३ ते १४ आठवडे हा पिल्लांचा जगाशी ओळख होण्याचा मुख्य काळ. तो घरात गेला असला तरी शिकणं थांबलेलं नाही. आता फक्त सबुरी हवी.

चावा किती जोरात घ्यायचा, हे पिल्लू खेळातच शिकतं. दात जोरात लागला की समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो. पुढच्या वेळी जबडा आपोआप सैल पडतो. हा धडा माणसाला इतका नेमका देता येत नाही. पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर ठेवून कुत्रा खेळायला बोलावतो. मार्क बेकॉफ या अभ्यासकाने १९९५ मध्ये दाखवलं, की गैरसमज होऊ शकेल अशा चाव्याच्या आगेमागे कुत्रे ही खूण बऱ्याचदा करतात. समजूतदार मोठा कुत्रा तर पिल्लासमोर मुद्दाम उताणा पडतो. त्यातूनच भित्र्या पिल्लाला धीर येतो.

म्हणून सुरुवातीला लसीकरण झालेला एकच शांत, प्रौढ कुत्रा निवडा. पट्टा सैल ठेवा. शंका आली तर दांडगट वाटणाऱ्याला क्षणभर धरा. पिल्लू पुन्हा त्याच्याकडे गेलं तर खेळ चालू द्या, लपलं तर थांबवा. कुत्र्यांच्या गर्दीत मात्र त्याला इतक्यात नेऊ नका.