छपरास टांगलेले शिरस्त्राण

रोबॉटिक्स शिकावे की आभासी वास्तव, असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी अलीकडे आम्हांस वारंवार विचारतात. या दोन्ही विद्यांच्या आरंभकाळात ज्यांचे नाव आढळते, त्या आयव्हन सदरलँड यांच्यापुढे असा पर्यायच नव्हता. त्यांनी १९५९ साली विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा आभासी वास्तव नावाची शाखा कोणत्याच महाविद्यालयात नव्हती.

सदरलँड यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात झाला. एम. आय. टी. या संस्थेत १९६३ साली डॉक्टरेटसाठी त्यांनी 'स्केचपॅड' सिद्ध केले. प्रकाशलेखणीने पडद्यावर दोन वाकड्यातिकड्या रेघा ओढाव्यात, 'समांतर व्हा' अशी आज्ञा द्यावी आणि संगणकाने त्या समांतर करून दाखवाव्यात, असा तो प्रकार होता. यंत्रास भूमिती समजावून देण्याचा हा उद्योग पुढे त्यांना फार उपयोगी पडला.

त्याच दशकात बेल हेलिकॉप्टर कंपनीत एक प्रयोग चालू होता. वैमानिकाने मान वळविली की हेलिकॉप्टरखालचा कॅमेरा त्याच दिशेस वळे, आणि कॅमेऱ्यास दिसणारे दृश्य वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील लहानशा पडद्यांवर उमटे. रात्री उतरताना याचा उपयोग व्हावा, हा हेतू. एकदा कॅमेरा इमारतीच्या गच्चीवर ठेवला होता व पाहणारा मनुष्य आत खोलीत बसला होता. बाहेर कोणी कॅमेऱ्याच्या रोखाने चेंडू फेकला, तो आतल्या गृहस्थाने चटकन मान खाली घातली! कॅमेरा म्हणजे दूरवर ठेवलेला यांत्रिक डोळाच. सदरलँड यांच्या मनात आले की, तो डोळा काढून त्याच्या जागी संगणक बसविला तर?

यातील अडचण समजण्यासाठी एक डोळा मिटा, हात लांब करून अंगठा समोरच्या माडाच्या रेषेत धरा आणि डोके किंचित डावीकडे न्या. अंगठा माडाच्या उजवीकडे सरकलेला दिसेल. तो किती सरकावा, हे भूमितीने काढता येते. परंतु त्या गणितास डोके या क्षणी नेमके कोठे आहे, हे आधी ठाऊक हवे. कॅमेरा स्वतःच वळत असल्याने दृश्य आयते मिळे. येथे मात्र डोके हलले की सारे चित्र संगणकाने नव्याने काढावयाचे.

हार्वर्ड विद्यापीठात बॉब स्प्राउल या विद्यार्थ्याच्या साहाय्याने सदरलँड यांनी हे काम केले आणि १९६८ साली त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. छपरापासून एक लांब-आखूड होणारा दांडा खाली येई व पाहणाऱ्याच्या डोक्यावरील साधनास जोडलेला असे. दांड्याच्या हालचालीवरून डोक्याची जागा मोजली जाई. सुमारे सहा फूट व्यासाच्या व तीन फूट उंचीच्या अवकाशात डोके हलविता येई. चित्रे केवळ रेघांची होती, पण अर्धपारदर्शक आरशांमुळे ती प्रत्यक्ष खोलीतच तरंगताना दिसत. एका ग्रीक कथेत डेमोक्लिसच्या मस्तकावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगलेली असते. तेच नाव या दांड्यास मिळाले. आम्हांस हे नामकरण फारच समर्पक वाटते.

पुढे १९८० नंतरच्या काही वर्षांत सदरलँड चालणाऱ्या यंत्राकडे वळले. द्रवदाबाने हलणारे सहा पाय आणि वर बसलेला मनुष्य, असे ते धूड होते. सहा पायांची सोय अशी की, तीन पाय उचलले तरी उरलेले तीन तिवईसारखे भार पेलतात. मात्र मार्क रेबर्ट, ज्यांच्यासह त्यांनी १९८३ साली चालणाऱ्या यंत्रांवर लेख लिहिला, त्यांनी तिवईचा आधारच सोडून दिला. त्यांचे यंत्र एकाच पायावर उड्या मारी. ते क्षणभरही स्थिर उभे राहू शकत नसे. आपले अंग किती कलले आहे, हे मोजून पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे, हे त्याला प्रत्येक उडीत नव्याने ठरवावे लागे.