तुकारामांच्या नावाचा कोळी

झाशीच्या लक्ष्मी गेटची जुनी दगडी भिंत असो वा घराची खिडकी, संधिपाद प्राण्यांचा छंद असणाऱ्याची नजर तेथे उड्या मारणारा कोळी शोधते. सहा पायांच्या कीटकांहून हा आठ पायांचा जीव वेगळा. तो शिकारीसाठी जाळे विणत नाही. आधाराला रेशमी धागा चिकटवून भक्ष्यावर झेप घेतो. ठाणे-कल्याण परिसरातील अशा कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात गोळ्या झेलूनही अतिरेक्याला न सोडणारे हुतात्मा पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांचे ते स्मरण होय. गजबजलेल्या शहरांलगतही असे अपरिचित जीव राहतात. म्हणून कोळी झाडून टाकण्यापूर्वी क्षणभर त्याचे निरीक्षण करावे.